लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर: मेन्यू कसा करायचा, आणि माणसं जाडी का दिसतात?



व्हिडिओमध्ये मी कॅसेट लावण्यापासून डिस्क बर्न करण्यापर्यंत सगळं हाताने करून दाखवलं. पण आकडे बोलून लक्षात राहत नाहीत. म्हणून ते इथे लिहून देतोय. वही घेऊन बसा.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण हा सगळा धडा त्यातूनच मला मिळालाय.

मी हे काम नवीन सुरू केलं होतं. एक ताई १९९४ सालच्या त्यांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घेऊन आल्या. वडील लग्नानंतर वर्षभरात गेले होते. घरात वडिलांचे फोटो होते, पण चालताना-बोलताना दिसतील असं काही असेल तर फक्त या कॅसेटमध्ये. मी जीव ओतून काम केलं. गुलाबाच्या पाकळ्या पडणारा मेन्यू केला, सोनेरी अक्षरं केली, पडदा अगदी काठोकाठ भरून टाकला. तीन दिवसांनी डीव्हीडी दिली, ३०० रुपये घेतले.

दोन दिवसांनी ताई परत आल्या. भांडायला नाही. शांतपणे म्हणाल्या, “दादा, हे माझे बाबा वाटतच नाहीत हो. बाबा शिडशिडीत होते.”

मी टीव्हीवर लावून बघितलं. बाबा जाडे, नवरी जाडी, भटजी जाडे, मंडपातले खांबसुद्धा जाडे. मी तीन दिवस तेच बघत होतो आणि माझ्या डोळ्याला ते खटकलं नव्हतं, कारण मी त्या माणसाला कधी बघितलंच नव्हतं! ताईंनी आयुष्यभर बघितलं होतं. मी डिस्क पुन्हा करून दिली, पैसे घेतले नाहीत. त्यांनीही काही तक्रार केली नाही. पण नंतर त्या कधी दुकानात आल्या नाहीत.

आपण विकतो काय, हे मला तेव्हा कळलं. पाकळ्या नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. माणूस होता तसा दिसला पाहिजे. एवढं जमलं नाही तर बाकी सगळं फुकट.

चूक नेमकी कुठे होते?

रुंदी आणि उंचीच्या प्रमाणाला आपण आस्पेक्ट रेशो म्हणतो. जुना डबा टीव्ही, व्हीएचएस कॅसेट, जुने हँडिकॅम, सगळ्यांचं प्रमाण ४:३. म्हणजे चित्र ४ फूट रुंद असेल तर ३ फूट उंच. आजचा घरातला सपाट टीव्ही १६:९. त्याच उंचीला तो ४:३ पेक्षा बरोबर एक तृतीयांश जास्त रुंद असतो. म्हणजे ४:३ चं चित्र ओढून १६:९ मध्ये भरलं, की प्रत्येक माणूस ३३ टक्के रुंद होतो. साठ किलोचा माणूस ऐंशी किलोचा दिसायला लागतो!

आता खरी गंमत. आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी चित्र साठवते ७२० बाय ५७६ ठिपक्यांत, सेकंदाला २५ फ्रेम. पण ४:३ असो की १६:९, ठिपके तेवढेच! ७२० बाय ५७६. गाठोडं एकाच मापाचं. मग प्लेअरला कसं कळतं की हे चित्र किती रुंद उघडायचं? तर गाठोड्यावर एक चिठ्ठी असते. फाइलच्या आत एक खूण, तिला फ्लॅग म्हणतात. त्यात लिहिलेलं असतं, “मला ४:३ उघड” किंवा “मला १६:९ उघड”. चिठ्ठी चुकली की चित्र चुकलं. चित्राच्या आत काही बिघडलेलं नसतं, फक्त चिठ्ठी चुकीची असते.

माझ्या हातून तेच झालं होतं. कॅसेट ४:३ ची, आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडताना १६:९ निवडलेलं. सॉफ्टवेअरने विचारलं नाही, मी बघितलं नाही.

उलटी चूकही होते. साधारण २००५ नंतरच्या काही मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत वाइड नावाचं बटण होतं. त्यावर शूटिंग केलं असेल तर टेपवर चित्र दाबून साठवलेलं असतं. ते तुम्ही ४:३ म्हणून बर्न केलं की माणसं काडीसारखी उंच आणि बारीक दिसतात. बारीक दिसलं की लोक सहसा तक्रार करत नाहीत, हा भाग वेगळा! पण चूक ती चूकच.

तिसरा प्रकार सगळ्यात केविलवाणा. चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. हे कसं होतं? कोणीतरी १६:९ चं शूटिंग वर-खाली काळ्या पट्ट्या लावून ४:३ मध्ये बसवलेलं असतं. तुम्ही ते पुन्हा डाव्या-उजव्या पट्ट्या लावून १६:९ मध्ये बसवता. पट्टीवर पट्टी. अशा वेळी आधीच्या वर-खालच्या पट्ट्या कापायच्या आणि आतलं खरं चित्र १६:९ म्हणून घ्यायचं.

आणि चौथी चूक संगणकावरची. डीव्हीडीसोबत आपण पेन ड्राइव्हवर एमपी४ फाइलही देतो. बरेच जण ती ७२० बाय ५७६ अशीच काढतात. आता ७२० भागिले ५७६ करून बघा, १.२५ येतं. आणि ४ भागिले ३ म्हणजे १.३३. डीव्हीडीचे ठिपके चौकोनी नसतात, थोडे आडवे असतात. मोबाइल आणि संगणकाचे ठिपके चौकोनी. म्हणून तीच फाइल मोबाइलवर माणसं किंचित बारीक दाखवते. पटकन लक्षात येत नाही, पण “काहीतरी वेगळं दिसतंय” असं गिऱ्हाईक म्हणतं ते यामुळे. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा: ४:३ ची एमपी४ काढायची ७६८ बाय ५७६, आणि १६:९ ची १०२४ बाय ५७६.

गोल वस्तू शोधा

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्हीही त्या माणसाला बघितलेलं नाही, मग आम्हाला कसं कळणार बरोबर दिसतंय की नाही? बरोबर प्रश्न आहे. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. गोल वस्तूवर ठेवायचा.

प्रत्येक लग्नाच्या कॅसेटमध्ये काहीतरी गोल असतं. हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ. बँडवाल्यांच्या मोठ्या ड्रमचं तोंड. सजवलेल्या गाडीचं चाक. अशी वस्तू समोरून दिसेल त्या फ्रेमवर थांबवा, टीव्हीपाशी जा आणि शिंप्याच्या टेपने मोजा. आडवं माप आणि उभं माप सारखं आलं पाहिजे. घड्याळ १२ सेंटिमीटर उंच आणि १६ रुंद भरलं, की समजायचं चिठ्ठी चुकली.

औक्षणाचं ताट वापरू नका. ते हातात तिरकं धरलेलं असतं, कितीही बरोबर चित्र असलं तरी लंबगोलच दिसणार. मी एकदा ताटावरून मोजून बरोबर असलेली डिस्क चुकीची ठरवली होती.

मोजायच्या आधी एक काळजी घ्या. तुमच्या स्वतःच्या टीव्हीची सेटिंग बघा. रिमोटवर पिक्चर साइज, आस्पेक्ट, झूम, वाइड असं काहीतरी बटण असतं. ते ऑटो किंवा ओरिजिनलवर हवं. टीव्हीच चित्र ओढत असेल तर तुम्ही बरोबर असलेली डिस्क बिघडवून बसाल.

“बाजूला काळं का दिसतंय?”

डिस्क बरोबर झाली की दुसरी तक्रार येते, आणि ती हमखास येते. १६:९ च्या टीव्हीवर ४:३ चं चित्र नीट दिसलं की डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहतात. काका म्हणतात, “एवढा मोठा टीव्ही घेतलाय, आणि चित्र मधेच?”

इथे वाद घालायचा नाही. दाखवायचं. मी दुकानात एक नमुना डिस्क करून ठेवली आहे, त्यात एकच प्रसंग तीन प्रकारे आहे. पट्ट्यांसकट, ओढून भरलेला, आणि झूम करून भरलेला. ओढला की माणसं जाडी. झूम केला की चित्राची उंची चोवीस इंच असेल तर त्यातले सहा इंच कापले जातात, म्हणजे पाव चित्र गेलं. नवरदेवाचा फेटा वरून जातो, खाली सप्तपदीची पावलं जातात. मी फक्त विचारतो, “काका, यातलं कुठलं देऊ?” आजवर जवळपास सगळ्यांनी पट्ट्याच घेतल्यात. आणि ज्यांना भरलेलंच हवंय त्यांना भरलेलं द्या, पण पावतीवर तसं लिहून सही घ्या.

काही जण पट्ट्यांच्या जागी फुलांची नक्षी टाकतात. मला स्वतःला ते आवडत नाही. नजर नक्षीकडे जाते. पण गिऱ्हाईक मागत असेल तर जास्तीचं काम म्हणून जास्तीचे पैसे घेऊन करा.

एक बारीक गोष्ट. गिऱ्हाइकाच्या घरचा डीव्हीडी प्लेअर जुना असतो आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला असतो. त्या वायरीतून कित्येकदा चिठ्ठी टीव्हीपर्यंत पोचतच नाही, टीव्ही आपल्या मनाने चित्र ओढतो. म्हणजे तुमचं काम बरोबर आणि घरी दिसतं चूक! म्हणून डिस्कच्या डबीत एक छापील कागद टाका: “प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही प्रकार १६:९ निवडा. तरी माणसं रुंद दिसली तर टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइज ४:३ करा.” दोन वाक्यं आहेत, पण या कागदाने माझे अर्धे फोन वाचवलेत.

कॅसेट हातात आली की

आता थोडं मागे जाऊ. कॅसेट लगेच व्हीसीआरमध्ये घालायची नाही. आधी तिच्या खिडकीतून आत बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. पावसाळी हवेत, कोकणात तर विशेष, कपाटात वीस-तीस वर्षं पडलेल्या कॅसेटला ती लागते. अशी कॅसेट लावली की बुरशी व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला. साफ करणारा माहितीचा माणूस असेल तर त्याच्याकडे द्या, नसेल तर प्रामाणिकपणे नाही म्हणा. व्हीसीआर जपून वापरायचा, कारण नवीन मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून सगळा कारभार सेकंडहँडवर आहे.

कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती शाबूत असेल तर कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ शकतं. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर कोणाचं तरी लग्न पुसलं जाईल. गिऱ्हाइकाला विचारून ती पट्टी मोडा, मग पुढचं काम.

कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली टेप मोकळी होते. मग यूएसबी कॅप्चर कार्डने संगणकात घ्या. तीन तासांची कॅसेट घ्यायला तीन तासच लागतात, यात पळवाट नाही. कॅप्चरच्या सेटिंगमध्ये पाल निवडलंय ना, ४:३ निवडलंय ना, हे पहिल्या मिनिटातच बघा. शेवटी नाही.

चित्राच्या अगदी तळाला एक थरथरणारी रेष दिसेल. ती व्हीएचएसची जुनी खोड आहे, घाबरू नका. डब्याच्या टीव्हीत ती काठाखाली लपायची, संगणकावर उघडी पडते. तळाचे आठ-दहा ठिपके काळे करून टाका. कापून उरलेलं चित्र ओढू मात्र नका, नाहीतर पुन्हा प्रमाण बिघडलं!

एका डिस्कवर किती मावतं?

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक तीच ४.३७ दाखवतो. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने, म्हणून फरक. फसवणूक नाही.

मी एक सोपा हिशेब करतो. ५८० ला मिनिटांनी भागायचं. जो आकडा येईल तेवढे मेगाबिट दर सेकंदाला वापरता येतात, थोडी जागा राखून. ९० मिनिटांसाठी ६.४. दोन तासांसाठी ४.८. तीन तासांसाठी ३.२. त्यातून आवाजाचे ०.२ वजा करा, उरलेला व्हिडिओचा बिटरेट. तासाभराच्या डिस्कला हिशेबाने ९ च्या वर येईल, पण ८ च्या पुढे जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात.

आता तीन तासांची अख्खी कॅसेट एका डिस्कवर ३ मेगाबिटमध्ये कोंबायची का? माझं मत, नाही. व्हीएचएसच्या चित्रात आधीच मुंग्या असतात. त्या मुंग्या साठवण्यातच बिट संपतात आणि चेहऱ्यांचे चौकोन होतात. दोन डिस्क करा, दीड-दीड तासाच्या. पहिलीत हळदीपासून मंगलाष्टकांपर्यंत, दुसरीत पुढचं. कोऱ्या डिस्कची किंमत तुमच्या तीन तासांच्या वेळेपुढे काहीच नाही.

आणखी एक. कॅसेटचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं बनलेलं असतं, आडव्या ओळी एकाआड एक. डीव्हीडीला हे चालतं, ते तसंच ठेवा. फक्त ओळींचा क्रम बरोबर हवा, मिनीडीव्हीमध्ये खालची ओळ पहिली असते. क्रम चुकला की हालचाल झटके देत दिसते. पेन ड्राइव्हच्या एमपी४ साठी मात्र ओळी एकत्र करून घ्या, हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस नावाची सोय आहे. नाहीतर हात हलला की कंगव्यासारखे दात दिसतात.

मेन्यू: आजीला रिमोटने चालवता आला पाहिजे

मी डीव्हीडीस्टाइलर वापरतो. फुकट आहे, मेन्यू चांगले करता येतात. नवीन प्रोजेक्टला पाल आणि ४:३ निवडायचं, इथूनच सुरुवात. एकाच डिस्कवर १९९६ चं लग्न आणि २०१५ चा लग्नाचा वाढदिवस, असं मिश्र काम आलं तर लक्षात ठेवा, डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एका टायटलसेटमध्ये एकच आस्पेक्ट रेशो चालतो. ४:३ साठी एक टायटलसेट, १६:९ साठी दुसरा. सगळं एकाच गाठोड्यात कोंबलं की एकावर अन्याय होणारच.

मेन्यू सजवण्याआधी गिऱ्हाइकाशी दहा मिनिटं बोला. मी एकच प्रश्न विचारतो, “यात तुम्हाला कोणाला बघायचंय?” लोक थांबतात. मग सांगतात. “आजोबा आहेत बघा, पंगतीत वाढताना. थोडा वेळच आहेत.” ते आजोबा चाळीस सेकंद असतील. कॅसेटवर ते दोन तास दहा मिनिटांवर असतील, आणि घरातल्या कोणी ते वीस वर्षं शोधलेले नसतात, कारण कॅसेट पुढे-मागे फिरवायचा कंटाळा. तुम्ही तिथे चॅप्टर टाका आणि मेन्यूवर बटण द्या, “आजोबा”. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात ही बटणं तर कोणीही देईल. “आजोबा” हे बटण तुमच्या दुकानातच मिळतं. याला काही खर्च येत नाही. फक्त विचारावं लागतं.

एका पानावर पाच-सहा बटणं पुरे. जास्त असतील तर दुसरं पान करा. पहिलं बटण नेहमी “सगळं बघा”, आणि डिस्क लावल्यावर निवड त्याच्यावरच असली पाहिजे, म्हणजे चष्मा नसलेल्या माणसाने नुसतं ओके दाबलं तरी लग्न सुरू होईल. बाणाचं बटण खाली दाबलं तर खालचंच बटण उजळलं पाहिजे, हे स्वतः रिमोट घेऊन तपासा. प्रसंग संपला की मेन्यूवर परत यायला हवं. काही डिस्क शेवटी काळ्या पडद्यावर अडकतात आणि लोकांना वाटतं डिस्क खराब झाली.

मजकूर काठापासून आत ठेवा. जुने टीव्ही चारही कडा थोड्या कापतात. प्रत्येक बाजूने दहावा भाग मोकळा सोडला की निर्धास्त.

मराठी अक्षरांचा एक खास त्रास आहे, तो इंग्रजीत शिकवणारे सांगत नाहीत कारण त्यांना तो नसतो. आपली शिरोरेषा. टीव्ही ओळी एकाआड एक दाखवतो, त्यामुळे एकच ठिपका जाडीची आडवी रेष लुकलुकते. बारीक फाँट घेतला की सगळ्या शब्दांच्या डोक्यावरची रेष थरथरत राहते. म्हणून जाड फाँट घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट आहेत आणि त्यांचे जाड प्रकार टीव्हीवर छान दिसतात. जुने डीटीपीचे फाँट मेन्यूच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तोडतात. तुमच्याकडे तेच असतील तर अक्षरं फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र करा, ते चित्र मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून घ्या आणि त्यावर पारदर्शक बटणं ठेवा.

पार्श्वभूमीला नवरा-नवरीचा फोटो टाकताय? तोही ७६८ बाय ५७६ मध्ये कापून घ्या, मग सॉफ्टवेअरला द्या. मी असे मेन्यू बघितलेत की आत व्हिडिओ बरोबर आणि मेन्यूवरचाच जोडा जाडा!

मेन्यूला संगीत हवं असेल तर त्याच कॅसेटमधली सनई वीस-तीस सेकंद घ्या. सिनेमाची गाणी आपण उचलून लावायची नाहीत. आणि कोणी सिनेमाची सीडी घेऊन आलं की “याच्या चार कॉपी मारून द्या”, तर नाही म्हणा. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चाळीस रुपयांसाठी दुकान धोक्यात घालू नका.

बर्न, तपासणी, आणि दर

आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर बर्न करा. ती संगणकात नाही, साध्या डीव्हीडी प्लेअरवर लावा. सगळी बटणं दाबा, गोल वस्तू मोजा. बरोबर असेल तरच चांगल्या डिस्कवर उतरवा, कमी वेगात, ४ एक्स किंवा ८ एक्स. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, थोडा जरी तिरका बसला तरी डिस्क फिरताना डगमगते. छपाई करता येणाऱ्या पांढऱ्या डिस्क मिळतात, त्या घ्या.

“आता डीव्हीडी बघतंय कोण?” असं मला दर कार्यशाळेत विचारतात. अर्धं खरं आहे. म्हणून मी एकटी डीव्हीडी विकत नाही. डीव्हीडी, सोबत पेन ड्राइव्ह. आजी डीव्हीडी लावते, नातू पेन ड्राइव्ह. मुलगी अमेरिकेत असेल तर तिला एमपी४ च पाठवायला सांगा, कारण तिथली पद्धत एनटीएससी. आपली पाल डिस्क तिथल्या बऱ्याच प्लेअरवर चालत नाही.

दर लावताना डिस्कचा दर लावू नका, तिथेच नवीन लोक मरतात. वेळ मोजा. समजा तीन तासांची कॅसेट आहे. कॅप्चरला तीन तास, पण तेव्हा तुम्ही शेजारी दुसरं काम करू शकता, म्हणून तो एक तास धरा. कापणं, चॅप्टर, मेन्यू मिळून दीड तास. तपासणी अर्धा तास. झाले तीन तास. तुमच्या तासाची किंमत समजा १५० रुपये, म्हणजे ४५०. दोन डिस्क, डब्या, पेन ड्राइव्ह, वीज, व्हीसीआरची झीज हे वेगळं मिळवा. मी ३०० ला दिलं होतं आणि वर पुन्हा फुकट करून दिलं. म्हणजे मी त्या तीन दिवसांत घरचे पैसे घातले. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दर सांगू नका.

पावतीवर चार गोष्टी लिहा: मूळ कॅसेट परत दिली, तुमच्याकडची प्रत ३० दिवस ठेवून नंतर पुसणार, चित्र पट्ट्यांसह की भरून, आणि नमुना म्हणून दुसऱ्या कोणाला दाखवायची परवानगी आहे की नाही. ही शेवटची ओळ विसरू नका. ते कोणाच्या तरी घरातलं आहे.

आता गृहपाठ. गिऱ्हाईक शोधायच्या आधी घरचीच एक कॅसेट घ्या, मामाच्या लग्नाची असेल, मुंजीची असेल. त्यातली दहा मिनिटं आरडब्ल्यू डिस्कवर दोनदा करा, एकदा ४:३ आणि एकदा मुद्दाम १६:९. भिंतीवरचं घड्याळ किंवा गाडीचं चाक शोधून दोन्ही वेळा मोजा आणि आकडे वहीत लिहा. मग डिस्क आईसमोर लावा, काही न सांगता, आणि ती काय म्हणते ते ऐका.